चाकांवरची तिजोरी

चोरांनी हातोडीने बोटं ठेचली तेव्हा दादा ओरडला म्हणे, पण तिजोरीची किल्ली कुठे आहे ते काही सांगितलं नाही. हट्टीच आहे माझा हा थोरला भाऊ. एकदा नाही म्हणाला की नाहीच.

दादा गोदामावर रात्रीचा राखणदार. बंदूक स्वतःची, परवान्याची. ती ठेवायला त्याने लोखंडी तिजोरी आणली तेव्हा हमालांचा घाम निघाला होता. दुकानदाराने बजावलं होतं, बोल्ट मारून जमिनीत घट्ट बसवा. पण वहिनीला नव्या फरशीला भोकं नको होती, आणि तिजोरीखालचा केरही काढायचा होता. मग या शहाण्याने काय करावं? फ्रिजखाली असतो तसला चाकांचा स्टँड बनवून घेतला. कोणी आलं की तिजोरी एका हाताने ढकलून दाखवायचा. कौतुक नुसतं.

पहिल्या वेळी चोरांनी ती भरदुपारी, घरात कोणी नसताना, बंदुकीसकट तशीच ढकलत नेली. दुरुस्तीला चालली असेल म्हणून शेजारच्या काकांनी त्यांना फाटक उघडून धरलं.

पुढे त्याच बंदुकीने पेट्रोल पंप लुटला. तिथे माझा नवरा कामाला. त्याने हात वर केले होते, तरी मेल्यांनी गोळी झाडली. मांडीच्या हाडाचा भुगा झाला. मी पोचले तेव्हा पंपावरची माणसं त्याचं रक्त पाइपने धूत होती. पाय कापावा लागला. दादा दवाखान्यात आला तेव्हा मी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

चोर पकडले गेले, खटला संपल्यावर बंदूक परत मिळाली. नोकरीला ती लागतच होती. या वेळी दादाने फरशी फोडली, खालच्या काँक्रीटमध्ये बोल्ट बसवले, नट नव्या तिजोरीच्या आतून आवळले. पहार घालायला फट नको म्हणून तिजोरी कोपऱ्यात भिंतीला भिडवली. फुटलेल्या फरशीचा केर वहिनीनेच काढला. रोज कामावर जाताना तो तिजोरीला खांदा लावून ढकलून बघायचा. वहिनी फोनवर हे सांगायची आणि मी विषय बदलायचे.

गेल्या आठवड्यात सकाळी पुन्हा चोर घुसले. दादा एकटाच होता. त्यांनी आधी पहारीने तिजोरी उचकटायला बघितली. ती जागची हलेना, तेव्हा तीच पहार दादाच्या बरगड्यांवर घातली. मग हातोडी काढली. वहिनी बाजारातून आली, तिने बोंब मारून गल्ली गोळा केली, म्हणून जीव वाचला.

इतक्या वर्षांनी मी त्याला भेटायला गेले. तोंड सुजलेलं, एक डोळा बंद. मला बघून एवढंच विचारलं, "हलली का गं?"

वहिनीने नाही म्हणून शंभरदा सांगितलं होतं. त्याला ते पटत नव्हतं. मग मी आणि नवरा त्याच्या घरी गेलो. फरशीवर रक्त वाळलेलं. नवऱ्याने कुबडी भिंतीला टेकवली आणि एका पायावर उभं राहून तिजोरीला खांदा लावला. मीही लावला. दात-ओठ खाऊन ढकलली. दादाला हीच अक्कल तेव्हा का सुचली नाही, असं वाटून राग राग आला, आणि रडूही आलं.

दवाखान्यात परत गेले तेव्हा तो दाराकडेच बघत होता.

"नाही हलली, दादा," मी म्हटलं. "आम्ही दोघांनी ढकलून बघितली."