अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

नव्वदच्या दशकात वालीवच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायला होतो. कारखाना बाटल्यांच्या बुचांचा, आणि तिथल्या एकूण अकलेचं मापही साधारण तेवढंच.

एक कॉम्प्युटर ऑफिसात, दुसरा आवारापलीकडे गोदामात. गोदामात माल किती ते ऑफिसात कळावं म्हणून दोघांमध्ये एक सीरियल केबल ओढलेली. दर मे महिन्यात कोरडा गडगडाट सुरू झाला की जवळपास कुठेतरी वीज पडायची, केबलमधून झटका यायचा आणि केबल जिथे लावतात ते पोर्ट दोन्हीकडचे जळून जायचे.

यावर उपाय चालत ते बघण्यासारखे होते. शेठनी कॉम्प्युटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि वर लिंबू-मिरची टांगली. इलेक्ट्रिशियनने खाली रबरी चटई अंथरली. झटका येणार वरच्या केबलमधून, आणि हा शहाणा बंदोबस्त करतोय जमिनीवर. हिशेबनीस तर आभाळ भरून आलं की मॉनिटरवर टॉवेल टाकायचे. मी हे सगळं बघायचो आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारायचो. मनातल्या मनात म्हणतोय, पण चेहऱ्यावर दिसत असणारच. मी ते लपवायचो नाही.

तिसऱ्या वर्षी शेठ म्हणाले, "आता जळलं तर केबल काढून टाकू. वह्या बऱ्या. मग तुमचंही इथे काही काम नाही."

माझं लग्न ठरलं होतं. माणिकपूरला सासऱ्यांसमोर मी स्वतःला कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणवून घेतलं होतं. नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

मी मुंबईहून झटका अडवणाऱ्या दोन छोट्या पेट्या आणल्या आणि केबलच्या दोन्ही टोकांना बसवल्या. झटका आला की पेटी तो पोर्टकडे जाऊ देत नाही, हिरव्या वायरने जमिनीत सोडून देते. यावर मी सगळ्यांना अर्धा तास भाषण दिलं. कोणाला काही कळलं नाही, याचं मला समाधानच वाटलं.

ती हिरवी वायर आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात जायची. खड्ड्यात कोळसा, मीठ आणि मधोमध लोखंडी पाइप. झाडू मारणाऱ्या मावशी खाडीकडच्या गावातून यायच्या. त्या रोज दुपारी या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायच्या. एप्रिलात एकदा मी सगळ्यांदेखत विचारलं, "मावशी, लोखंडाला पालवी फुटायची वाट बघताय का?"

सगळे हसले. मावशी म्हणाल्या, "खड्डा खनला तो वायरमन बोललेला, रोज पानी घाल. मीठ सुकला का कामाचा नाय."

मी शेठना सांगितलं की टँकरचं पाणी अंधश्रद्धेपायी वाया जातंय. लिंबू-मिरची टांगणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं. त्याच दिवसापासून पाणी बंद झालं.

मे अखेरीला मागच्या माडावर वीज पडली. दोन्ही पोर्ट गेले, माझ्या पेट्यांसकट. मी आधी पेटी बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. मग हिरव्या वायरचा माग काढत खड्ड्यापाशी गेलो आणि झाकण उचललं. आत सगळं खडखडीत कोरडं, मातीने पाइपचा हात सोडलेला. वीज ओली जमीन घेते, कोरडी घेत नाही, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. मला माझीच किळस आली.

तेवढ्यात शेठ आले. "काय झालं?"

मावशी झाडू घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश, माझी नोकरी गेली असती आणि बहुतेक लग्नही.

"पेट्याच खराब निघाल्या," मी म्हणालो.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून झाडू मारायला लागल्या. शेठनी थोडी कुरकुर केली, मग केबल काढण्याऐवजी "आणखी एकदा बघू" म्हणत नव्या पेट्या आणायला सांगून निघून गेले.

ते आत गेल्यावर मावशी शांतपणे म्हणाल्या, "सायेब, आता पानी घालू? का शेटना विचारून येऊ?"

मी नळाकडे गेलो आणि बादली भरून आणली. मूर्खांची माझी यादी लांबलचक आहे. लिंबू-मिरचीवाले शेठ तिच्यात आजही दुसरे आहेत.