सँटियागो ते बोगोटा

नंदाताईंना दोन मुलं, आणि दोन्ही दक्षिण अमेरिकेत. सौरभ चिलीत, सँटियागोला सॉफ्टवेअर कंपनीत. सोनाली स्पॅनिश शिकली आणि कोलंबियात, बोगोटाला जाऊन तिकडचीच झाली. इतरांची पोरं कॅलिफोर्नियाला जातात, आपली नकाशाच्या खालच्या अंगाला गेली, याचा नंदाताईंना अभिमानच होता.

"दोघं जवळजवळच आहेत हो," असं त्या कोथरूडच्या सोसायटीत सगळ्यांना सांगत. "लागलंसवरलं तर भाऊ आहे शेजारी."

मुलांनी त्यांची ही समजूत कधी दुरुस्त केली नाही. आईला धीर वाटतोय, तर वाटू दे.

मग एके दिवशी सोनाली जिन्यावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. नंदाताई आयुष्यभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. प्लास्टरला घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सरळ सौरभला फोन लावला.

"संध्याकाळी बहिणीकडे वरणभात घेऊन जा."

"संध्याकाळी?"

"मग काय मुहूर्त काढू?"

सौरभ चाचरला. "आई, तिकडे विमानानं जावं लागतं. सहा तास. सव्वाचार हजार किलोमीटर आहे."

नंदाताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. बाहेर त्यांचे यजमान सुखदेवराव पेपर वाचत होते.

"अहो, पुण्याहून दिल्लीला विमान किती वेळात जातं?"

"दोन-सव्वादोन तास."

"म्हणजे ही दोघं एकमेकांपासून त्याच्या तिप्पट लांब राहतात!"

"मला माहीत होतं," सुखदेवराव पेपराआडून म्हणाले. "तू इतकी खुशीत सांगायचीस, म्हटलं कशाला मोडता घाला."

"वा! तिघांनी मिळून माझ्यासाठी अख्खा खंड आटवलात." मग त्या फोनकडे वळल्या. "आणि तू, रजा टाक. लांब आहे म्हणून बहीण कमी होत नाही."

सौरभ शनिवारी पोचला. पुण्यात संध्याकाळ, तिकडे सकाळ. व्हिडिओ कॉलवर तो अजून धापा टाकत होता, कारण बोगोटा डोंगरावर, सोनालीचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. सोनाली पाय खुर्चीवर ठेवून हसत होती.

"आई, डाळ केव्हाची उकळतेय, शिजतच नाही," सौरभ म्हणाला.

"इतक्या उंचीवर नाही शिजायची. कुकर लाव."

"नाहीये हिच्याकडे."

"तीन वर्षं डोंगरावर राहतेस आणि कुकर नाही? खातेस काय, सोनाली?"

"ब्रेड," सौरभनं चुगली केली. त्यावर सोनालीनं त्याला उशी फेकून मारली. त्यानं ती परत मारली नाही, तिच्या पायाखाली सरकवली. दोघं दोन वर्षांनी भेटत होती.

तो कुकर आणायला खाली गेला, तेव्हा सोनाली फोनजवळ तोंड आणून हळूच म्हणाली, "आई, तो आला, बरं वाटलं गं."

"मग त्याला सांग. मला काय सांगतेस?" नंदाताई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

सौरभनं आणलेल्या कुकरला शिट्टीच नव्हती, नुसती फुसफुस. डाळ झाली की नाही हे कळेना. नंदाताईंनी इकडून घड्याळ लावलं, गॅस बंद करायला सांगितला, आणि दोघांच्या ताटात वरण पडेपर्यंत फोन ठेवला नाही.

"मीठ कमी आहे," सोनाली म्हणाली.

"घाल वरून," इकडून सुखदेवराव ओरडले.