जिथे वहिनींचे, तिथे माझे

ईशान, मीरा —

हे मी कालपर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि ते तर शेवटपर्यंत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

आत्ताच का? परवा व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, "आजी, पहिल्या पगारातले पैसे कुठे ठेवू? धोका नको. तुला कळतं यातलं." मी म्हटलं, लिहून कळवते. तेव्हापासून लिहायला बसते आणि उठते. कारण "तुम्हाला कळतं यातलं" असं मला आधीही एकीने म्हटलं होतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला स्वतःची बाजू फार छान मांडता येते. म्हणून मराठीत. सावकाश वाचा.

नलूआजी आठवते ना? माझी धाकटी जाऊ, आजोबांच्या भावाची बायको. इथेच मुलुंडला, दोन इमारती सोडून राहते. वसंतभावजी गेल्यावर जे पैसे मिळाले ते तिने बँकेत एफडीत ठेवले होते. त्या पैशांचं काम ठरलेलं होतं — तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. दुसरे पैसे तिच्याकडे नव्हते.

मी आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी केली. निवृत्तीनंतर म्युच्युअल फंडांचं वाचू लागले. आमच्याकडच्या गणपतीला सगळं सासर जमतं. त्या वर्षी आरती झाल्यावर, सगळ्यांच्या हातात मोदकांच्या ताटल्या असताना, मी समजावून सांगितलं. शेअर बाजाराची भीती वाटते ना? मग डेट फंड घ्या. हा फंड आपले पैसे सरकारला, बँकांना, कंपन्यांना उसने देतो आणि त्यावर व्याज आणतो. एफडीचाच भाऊ समजा, जरा जास्त शिकलेला.

सगळे हसले. माझ्या नणंदेचे यजमान म्हणाले, "वहिनी, तुम्ही टीव्हीवर जायला पाहिजे!" मला ते आवडलं. किती आवडलं, ते इथे लिहायला हवं — पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. सगळे डेट फंड सारखे नसतात. मी निवडलेला फंड इतरांपेक्षा जास्त व्याज देत होता. जास्त व्याज देऊन पैसे कोण घेतं? ज्याला कमी व्याजात कोणी देत नाही, तो. हे मला माहीत होतं. तेवढं मात्र मी त्या दिवशी बोलले नाही.

नलूने एफडी मोडली. मी पेन्सिलने फुल्या केल्या, तिने तिथे सह्या केल्या. एक ओळ वाचली नाही. म्हणाली, "तुम्हाला कळतं यातलं. तुम्ही ठेवलेत ना? मग झालं. जिथे वहिनींचे, तिथे माझे."

आमच्या बाल्कनीतून तेव्हा एक टॉवर चढताना दिसायचा. एका हिवाळ्यात त्याच्यावरची क्रेन हलेनाशी झाली. फंड दर महिन्याला आपण कोणाकोणाला पैसे दिलेत ते जाहीर करतो. मी ते नेमाने वाचायची. त्यात त्या टॉवरच्या बिल्डरचं नाव होतं. आणखीही एक-दोन नावं होती, ज्यांचं रेटिंग — कर्ज फेडण्याची पत — नुकतंच खाली आलेलं. मी चहा संपवला, कॉम्प्युटर लावला आणि माझे सगळे पैसे काढून घेतले.

आणि नलूचे?

त्याच संध्याकाळी ती त्याच बाल्कनीत, पाय लांब करून गुडघा चोळत बसली होती. "क्रेन बंद पडलीय वाटतं," म्हणाली. आणि मग सहजच, "वहिनी, आपले पैसे बरे आहेत ना?"

मी म्हटलं, "बरे आहेत गं. तू डॉक्टरांना विचारून घे आधी."

का? — तिला सांगितलं असतं तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं. गणपतीतलं माझं भाषण चुकलं, हे फोन करकरून कबूल करावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं की ऑपरेशनच्या निमित्ताने ती काढेलच पैसे, तोवर काय होतंय? म्हणजे एका शेजारणीचा गुडघा पणाला लावून मी माझं नाव राखलं. शेजारीण कसली — घरचीच.

थोड्याच महिन्यांत फंडाने पैसे परत देणं थांबवलं. बातमी कळली त्या दुपारी नलू आली. मला वाटलं, भांडेल. तिच्या हातात स्टीलचा डबा होता, ओल्या नारळाच्या करंज्यांचा. म्हणाली, "तुमचे पण अडकले ना? तुमचे तर माझ्याहून जास्त. जिवाला लावून घेऊ नका. खा आधी."

मी "हो" म्हणून मान हलवली. आणि करंजी खाल्ली.

हेच ते. माझे पैसे काढणं हा माझा हक्क होता असं म्हणता येईल. पण त्या करंजीवर कसला हक्क?

पैसे तिला मिळाले — तुकड्यातुकड्यांत, काही वर्षांनी, थोडे कमी. तोवर तिचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता भूल देता येणार नाही. ती वॉकर घेऊन चालते, ते तुम्ही पाहिलंय.

डबा माझ्याकडेच राहिला. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. आणि त्यात घालायचं काय? इतकी वर्षं मला ते सुचलं नाही.

ईशान, तुझं उत्तर. लगेच लागतील ते पैसे बँकेतच ठेव. बाकीच्या पैशांसाठी डेट फंड चालेल, पण सरकारला आणि भक्कम रेटिंगच्या कंपन्यांनाच थोड्या मुदतीसाठी पैसे देणारा घे. त्यातही किंमत थोडी खाली-वर होते, हे धरून चाल. जास्त व्याजाला भुलू नकोस. फंड कोणाला पैसे देतो ते दर महिन्याला वाच. आणि कोणाला तुझ्यामागून आत येऊ दिलंस, तर बाहेर पडताना त्याला आधी हाक मार.

हे तुम्हाला लिहिण्याआधी तिला सांगणं भाग होतं. काल बेसनाचे लाडू केले, डबा भरला आणि तिच्या घरी गेले. सगळं सांगितलं. तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

"कधी काढलेत?"

सांगितलं.

ती गुडघा चोळू लागली. मग म्हणाली, "करंज्या आणल्या त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते, वहिनी. माझ्या पैशांसाठी नाही. तुमच्या." आणि टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू करून, "या आता. माझी मालिका आहे. आणि तो डबा घेऊन जा."

तुमची आई हे वाचायला मागेलच. तिच्यापासून लपवू नका.

तो टॉवर दुसऱ्या कोणीतरी पुरा केला. तिथे आता लोक राहतात, बाल्कन्यांत कपडे वाळत असतात. डबा माझ्या ओट्यावर आहे. झाकणावर नलिनी-वसंत असं कोरलेलं आहे. लाडू तसेच आहेत आत.

— आजी