गोळ्यांशेजारची मोहफुलं

प्रयोगशाळेतल्या ओव्हनचं दार उघडलं आणि मोहाचा वास भपकन नाकात शिरला. माझ्या गोळ्यांशेजारी ताटलीत मोहफुलं वाळत होती.

धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून मी एक पदार्थ तयार करत होते. त्याच्या आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात आणि पाण्यातलं फ्लोराइड त्यांत अडकतं. नुसती भुकटी पाण्याबरोबर वाहून जायची, म्हणून महिनोन्महिने खपून तिच्या गोळ्या बांधल्या होत्या. कालपासून तापवून छिद्रं रिकामी केली होती. दुपारी नागपूरहून लोक त्या तपासायला येणार होते.

माझं डोकंच फिरलं. प्रयोगशाळेत मदतीला असलेल्या बाईंवर मी ओरडले, "बाई, हे काय करून ठेवलंत?"

"आभाळ आलं होतं म्याडम. फुलं सडले असते. ओव्हन गरमच होता, म्हणून ठेवले."

"सगळ्या गोळ्या वाया गेल्या! त्या कसलाही वास शोषून घेतात!"

त्या घाबरल्या नाहीत. एक गोळी उचलून त्यांनी निरखून पाहिली.

"आमच्या बोरिंगच्या पाण्यात त गाळ राह्यते, गंज राह्यते. हे मोहाच्या वासानंच वाया जाते, त तिथी काय करन?"

आजवर मी फक्त शुद्ध पाण्यात फ्लोराइड कालवून चाचण्या घेतल्या होत्या.

फ्लोराइडनं त्यांच्या दातांवर पडलेले तपकिरी पट्टे मी तीन वर्षं रोज पाहत होते. त्यांच्या गावच्या पाण्याची एक बाटली मात्र कधी मागितली नव्हती.