पदवीधर आहेत, पण शिकता येणार नाही

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझे मिस्टर सतरा वर्षं फौजेत होते. तिथे नव्या जवानांना नकाशा वाचायला शिकवायचे. आता हिंगण्याला एका कंपनीत सिक्युरिटीत आहेत. त्यांना शिक्षक व्हायचंय, म्हणून आज बी.एड.ची चौकशी करायला आम्ही एका कॉलेजात गेलो.

निवृत्तीच्या वेळी, पंधरा वर्षांहून जास्त सेवा झाली म्हणून फौजेनं दिलेलं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी काउंटरवर ठेवलं. क्लार्कनं ते वाचून परत सरकवलं.

"काका, हे नोकरीच्या अर्जाले चालते, ॲडमिशनले नाही. आधी बी.ए. करा."

"पण याच्यावर ग्रॅज्युएट लिहून आहे ना?" यांनी विचारलं.

"लिहून आहे, पण पुढं शिकाले चालत नाही."

मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. हे सवयीनं "जी सर" म्हणाले आणि बाजूला झाले. तो क्लार्क आमच्या पुतण्याच्या वयाचा होता.

पार्किंगमध्ये ते मला म्हणाले, "फौजेतल्या साहेबानं सगळ्यांसमोर हात मिळवून हे देल्लं होतं वं. मी तिथूनच बाबाले फोन केला होता."

सावनेरला माझे सासरे अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पोरगा ग्रॅज्युएट आहे म्हणून.

पुढे शिकूच देत नाही, तिला पदवी काहून म्हणायचं? तुम्हीच सांगा.