कागद फौजीचा, घाट चाचांचा

अगं, सरक की जवळ, किती महिन्यांनी तोंड दाखवतेस! तू पाकिटाला डिंक लावलास आणि त्या वासानं मला अकोले तालुक्याच्या डोंगरातलं आमचं टपालघर आठवलं. लढाई संपल्यावर आमचे हे पायाची तीन बोटं गमावून घरी आले. सरकारी नोकरीत तेव्हा फौजी आधी. पोस्टमास्तरांनी यांच्या नावचा नेमणुकीचा कागद आणि घुंगरांची काठी पुढं केली. डाक पाठीवर घेऊन घाटातनं पळायचं काम. चार वर्षं ते हंगामी करणारे शेजारचे चाचा दारात उभे. म्हणाले, “घे बेटा, कागद तुजा हाय.” यांनी काठी चाचांच्याच हातात दिली. “कागद माजा, पन घाट तुमचा. मास्तर, मला बसून करायचं काम द्या.” मास्तर हसले, “त्याला मराठी वाचावं लागतं, सुभेदार!” पलटणीत यांना इंग्रजी अक्षरंच शिकवलेली. “एक महिना द्या,” हे म्हणाले खरे, पण घरी येऊन बिचकले. सासूबाई म्हणाल्या, “लढाईला भ्याला न्हाईस, अन् बाराखडीला भितोस व्हय?” महिनाभर ओट्यावर कोळशानं गिरवलं त्यांनी, शेजारी बसून मीही. चाचा कायम झाले, यांना टपालाचा शिक्का मिळाला आणि मला, कुणी न देताच, अक्षरं. आता तुझी पत्रं मीच वाचते. पण पत्रावर भागवू नकोस, पुन्हा लवकर ये बाई.