बडे पाटील

बडे पाटील रागावले की खोलीतलं काहीतरी फुटायचं. मी त्यांच्या हाताखाली होते त्या वर्षात दोन कीबोर्ड, एक काचेचा पेला आणि कपाटाचं दार गेलं. माणसावर मात्र त्यांनी हात उगारलेला मी पाहिला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मारहाण आहे आणि तो हात त्यांचा नव्हता.

लखनौच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. मूळचे कोल्हापूरचे. आम्ही जळगावकडचे, माझे वडील लखनौतल्याच चिनहटच्या कारखान्यात फिटर, आणि घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकता शिकता मी सरांच्या विभागात काम करायचे; सरांचं माझं नातं काही नव्हतं. पण अख्ख्या कॉलेजात पाटील दोनच, आणि दोघं एकाच खोलीत. शिपाई रामसेवक भैया हसून हाक मारायचे, "बड़े पाटिल! छोटे पाटिल!"

तक्रारी नोंदवायच्या प्रणालीत तेव्हा सगळेच 'गेस्ट' या एका नावाने शिरायचे. ती कॉलेजच्या डिरेक्टरीला जोडायची, म्हणजे ज्याने त्याने स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं, हे काम सरांनी मला दिलं. डिरेक्टरी म्हणजे सगळ्यांच्या नावांचं झाड. कुठल्या फांदीवर शोधायचं ते सांगावं लागतं. तीन दिवस मला एकही विद्यार्थी सापडेना. सरांनी टेबलावर मूठ आपटली. "अगं, मास्तरांच्या फांदीवर पोरं हुडकतीयास! कोल्हापुरात उभी राहून जळगावच्या माणसाला हाक मारलीस तर ऐकू जाईल व्हय?" मग स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसले.

"आधी एकावर हाणून बघ, मग गावावर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी माझ्या एकटीच्या खात्यावर चाचणी घेतली. लॉगिन झालं, आणि आनंदाच्या भरात मी ते सगळ्यांसाठी सुरू केलं. जुन्या तक्रारींनाही ईमेलवरून नाव जोडावं, असं लिहिलेल्या एका चौकोनात आधीपासून खूण होती. ती मी तशीच राहू दिली.

आता माझीच एक गोष्ट सांगायला हवी. दोन आठवड्यांपूर्वी कँटीनच्या ठेकेदाराने भांडी घासणाऱ्या मुन्नी दीदीच्या हातावर तापलेला झारा मारला होता. कातडी झाऱ्याला चिकटून आली. मी पाहिलं, आणि 'गेस्ट' म्हणून तक्रार टाकली. उत्तरासाठी माझा ईमेल दिला होता. कँटीनच्या तक्रारी ठेकेदारालाही दिसत. मी नवं लॉगिन सुरू केलं त्याच दुपारी त्याला माझ्या जुन्या तक्रारीवर नाव दिसलं : पी. पाटील.

तो दोन माणसं घेऊन आला. एकाच्या हातात सळई.

"ये पी. पाटिल कौन है बे?"

मी पूजा, सर प्रताप. सरांनी पडद्यावर ती तक्रार उघडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि उठले. "मैं हूँ. लिखा है तो लिखा है. और लिखूँ?"

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात माझ्या कीबोर्डवर येऊन पडला. सर खाली कोसळले तरी लाथा थांबल्या नाहीत. रामसेवक भैया खुर्ची उगारून धावले तेव्हा ते तिघे पळाले. वस्तू फुटण्याचे आवाज मला सवयीचे होते. हाड मोडल्याचा आवाज वेगळा असतो.

दवाखान्यात जबडा बांधलेल्या सरांनी कागदावर लिहिलं, "खूण काढलीस?"

"काढली, सर."

"मग गप्प राहा. तक्रार माझी," त्यांनी खाली लिहिलं.

मी राहिले गप्प. मला भीती वाटत होती, दुसरं कारण नाही.

पुढे कॉलेजने झाऱ्याची चौकशी लावली. जामिनावर सुटलेला ठेकेदार समोरच बसला होता. दीदी घाबरून बोलेना. समितीने सरांना विचारलं, झारा कोणत्या हातावर मारला? सरांनी पाहिलंच नव्हतं. "दाहिने," ते दातांच्या फटीतून अंदाजाने म्हणाले. ठेकेदार हसला. दीदीने पदराखाली लपवलेला भाजका हात डावा होता.

मी उभी राहिले. "वो पी. पाटिल मैं हूँ. मैंने देखा था. बायाँ हाथ."

"बावळट!" सर बांधलेल्या जबड्यातून ओरडले आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली. पेला खाली पडून फुटला.

अध्यक्षांनी पेन उचललं. "पूरा नाम?"

"पूजा रमेश पाटील."

दीदीने हळूच पदर बाजूला केला. ठेकेदाराचा ठेका गेला. सर वर्षअखेरीस निवृत्त होऊन कोल्हापूरला गेले. मी अजून कुठेही नुसतं पी. पाटील लिहीत नाही. ते नाव त्यांचं आहे.